डिजिटल पात्रचित्रणासाठी पदार्थ आणि प्रकाश यांचा अभ्यास: करड्या गोळ्यापासून पूर्ण पात्रापर्यंत

पात्राची मुद्रा, शरीररचना आणि वेशभूषा यांच्या अभ्यासासाठी मार्गदर्शन भरपूर मिळते. मात्र त्या पात्राच्या अंगावरचे पोलाद पोलादासारखे, चामडे चामड्यासारखे आणि त्वचा त्वचेसारखी दिसावी यासाठी सराव नेमका कोणत्या क्रमाने करावा, हे मला सुरुवातीला कुठेच सलग वाचायला मिळाले नव्हते. गेल्या जूनमध्ये मी हा सराव हाती घेतला आणि यंदाच्या मार्चमध्ये त्यातून उभे राहिलेले पहिले पात्रचित्र पूर्ण केले. मधल्या काळात काय केले, वेळ कुठे लागला, खर्च कशावर झाला आणि कशावर करावा लागला नाही, हे त्याच क्रमाने इथे लिहीत आहे. पूर्णवेळ नोकरी सांभाळून बहुतेक रात्री तास-सव्वा तास मिळत असे, त्यामुळे ज्यांच्या हाताशी वेळ थोडा आहे त्यांनाही हा क्रम झेपावा.

पहिला आठवडा चित्र काढण्यात नव्हे, तर मांडामांड करण्यात गेला. संगणकाच्या पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड बंद केला, आपोआप कमी-जास्त होणारी प्रखरता थांबवली आणि फाइलचा रंगप्रोफाइल एसआरजीबी (पडद्यावर रंग दाखवण्याची सर्वसाधारण प्रमाण पद्धत) ठेवला. यांपैकी एक जरी गोष्ट रोज बदलत राहिली, तर कालच्या आणि आजच्या अभ्यासचित्रांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. खोलीतला दिवाही रोज तोच ठेवला. चित्र रंगवण्यासाठी क्रिता आणि त्रिमितीय वस्तू उभ्या करून पाहण्यासाठी ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे तो खर्च वाचला आणि पेन टॅब्लेट आधीपासून होताच. क्रितामध्ये मी एक कोरी फाइल नमुना म्हणून साठवून ठेवली. तिची पार्श्वभूमी मध्यम करडी होती आणि सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला, ‘कलर’ या ब्लेंड मोडवर (वरचा थर खालच्या चित्रात कसा मिसळावा हे ठरवणाऱ्या पद्धतीवर) ठेवलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा स्वतंत्र थर, होता. हा लेयर सुरू केला की सगळे चित्र क्षणात करड्या छटांमध्ये दिसते आणि रंगांच्या मोहात व्हॅल्यू, म्हणजे छटांचा उजळ-गडदपणा, बिघडल्या असतील तर लगेच कळते. फाइलच्या नावात महिना, पदार्थ आणि प्रकाशाची दिशा लिहायची, आणि त्या दिवशीचा प्रश्न फाइलमध्येच एका कोपऱ्यात लिहायचा, हा नियमही तेव्हाच ठरवला. ही कारकुनी कंटाळवाणी वाटेल, पण काही महिन्यांनी जुन्या फाइली उघडाल तेव्हा तिचे मोल समजेल.

संपूर्ण जून मी खडबडीत, चमक नसलेला पांढरा गोळा करड्या छटांत रंगवत होते. वाटायला सोपे काम, पण त्यात एक गोष्ट अशी सापडली की तिच्यामुळे पुढचे सारे बदलले. योहान हाइनरिश लँबर्ट यांनी १७६० मध्ये मांडलेल्या नियमानुसार, चमक नसलेल्या पृष्ठभागावर पडणारा उजेड हा प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभागाची दिशा यांच्यातील कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होतो. म्हणजे ६० अंशांवर उजेड निम्मा राहतो. पण पडद्यावरचे छटांचे आकडे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. एसआरजीबीमध्ये २५५ च्या निम्मा उजेड १२८ वर येत नाही, तो १८८ वर येतो. हे आकडे मांडून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. समोरून उजेड पडणारा भाग २५५ असेल, तर ३० अंशांवर सुमारे २३९, ६० अंशांवर १८८ आणि ८० अंशांवर सुमारे ११६ अशी छटा मिळते. म्हणजेच गोळ्याचा बराच मोठा भाग जवळजवळ सारखाच उजळ राहतो आणि अखेरच्या १० अंशांत छटा झपाट्याने खाली कोसळते. मऊ ब्रशने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी उतरती छटा ओढली की गोळा फुगीर का वाटत नाही, याचे उत्तर इथे आहे. ज्याला टर्मिनेटर म्हणतात त्या उजेड-अंधाराच्या सीमेजवळच सगळी घाई होते. त्याआधी संयम ठेवायचा असतो.

हे आकडे ब्लेंडरमध्ये पडताळून पाहायचे असतील तर एक खबरदारी घ्यावी. आवृत्ती ४.० पासून ब्लेंडरची रंगव्यवस्था मुळातच ‘एजीएक्स’वर ठेवलेली असते. ती प्रखर छटा मऊ करते, म्हणून आकडे जुळत नाहीत. रंगव्यवस्थापनात जाऊन ‘स्टँडर्ड’ निवडले की जुळतात. सुंदर रेंडर, म्हणजे ब्लेंडरने तयार केलेले चित्र, हवे असेल तेव्हा एजीएक्स उत्तम आहे, पण नियम तपासायचा असेल तेव्हा मध्ये काहीही नको.

जुलैमध्ये गोळा तोच राहिला आणि प्रकाश बदलत गेला. एका अभ्यासचित्रात एकच बदल, ही शिस्त मी कटाक्षाने पाळली. एके दिवशी फक्त दिशा, दुसऱ्या दिवशी फक्त दिव्याचा आकार, तिसऱ्या दिवशी फक्त अंतर. वस्तूच्या मानाने दिवा लहान किंवा दूर असेल तर पडछायेची कड धारदार होते. मोठा आणि जवळ असेल तर ती मऊ होते, आणि तीही सगळीकडे सारखी नसते, कारण वस्तू जिथे टेकलेली असते तिथे कड टोकदार असते आणि दूर जाता जाता विरत जाते. अंतराच्या बाबतीत वर्गव्यस्ताचा नियम लागू होतो. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. पडद्यावर हा चौथा हिस्सा १३७ च्या आसपास येतो. पात्राच्या हातात मशाल असेल तर चेहरा आणि पाय यांच्यातला फरक किती ठेवायचा, हे यावरून अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरवता येते. सूर्य मात्र इतका दूर आहे की डोके आणि पाय यांच्यातल्या अंतराने त्याच्या उजेडात काहीच फरक पडत नाही.

या दोन महिन्यांत मन अनेकदा उचटले, हे लिहिणे आवश्यक आहे. ज्यांना पात्रे रंगवायची आहेत त्यांनी रोज करडे गोळे रंगवत बसावे, यात आनंद शोधावा लागतो. इतरांची झळाळती चित्रे पाहून आपण मागे पडतो आहोत अशी चुटपुट लागते. मी त्यावर एक तोडगा काढला. आठवड्यातून एक रात्र मनाला येईल ते रंगवायचे, पण त्या चित्राला अभ्यासाच्या फोल्डरमध्ये जागा द्यायची नाही. त्यामुळे हौसही भागली आणि अभ्यासाची नोंदही शुद्ध राहिली.

ऑगस्टमध्ये खऱ्या वस्तू टेबलावर आल्या. या टप्प्यावर झालेला एकमेव खर्च म्हणजे चिमट्याने कुठेही अडकवता येणारा एक दिवा आणि त्यासाठी दोन बल्ब, एक पिवळसर आणि एक पांढरा. सोबत काळा आणि पांढरा जाड कागद हवा. तो बहुधा घरातच सापडतो. वस्तू घरातल्याच घेतल्या. टेबल टेनिसचा चेंडू, स्टीलचा चमचा, तांब्याचे भांडे, जुना चामड्याचा पट्टा, काचेचा पेला, मखमलीचा तुकडा आणि सॅटिनचा रुमाल.

चमच्यापाशी मी बराच काळ थांबले. दिवा डावीकडे ठेवून चमच्याची फुगीर बाजू पाहिली, तर तिच्यावर छायेची सावकाश उतरणारी छटा कुठेच नाही. दिव्याचा एक टोचणारा पांढरा ठिपका, त्याला लागूनच जवळजवळ काळा पट्टा, मग टेबलाचा वाकलेला राखाडी पट्टा आणि अगदी कडेला खिडकीची बारीक उजळ रेघ. चमच्याच्या उजव्या बाजूला काळा कागद उभा केला तेव्हा त्या बाजूला एक गडद पट्टा उमटला. त्या जागी पांढरा कागद ठेवला तेव्हा तोच पट्टा उजळ झाला. दिवा, चमचा आणि डोळा जागचे हलले नव्हते, तरीही धातूचे रूप पालटले. चमचा उलटून खोलगट बाजू पाहिली तेव्हा तीच खोली उलटी आणि आत ओढल्यासारखी दिसली. धातूला पसरट छटा म्हणण्यासारखे स्वतःचे जवळपास काही नसते. तो आपल्या आजूबाजूचे जग दाखवतो. म्हणून धातू रंगवताना आधी धातूकडे नव्हे, तर त्याच्याभोवती काय आहे याकडे पाहावे लागते. हा धडा मला कोणत्याही ब्रशपेक्षा अधिक उपयोगी पडला आहे.

त्यानंतर मी पदार्थांची ओळख त्यांच्या पोताने नव्हे, तर प्रकाशाला ते कसे उत्तर देतात यावरून करू लागले. धातू नसलेल्या वस्तूंमध्ये प्रकाशाचे दोन भाग होतात. एक भाग वरच्या वरच परावर्तित होतो आणि उरलेला आत शिरून, पदार्थाचा रंग घेऊन बाहेर येतो. सरळ समोरून पाहिल्यास पाणी सुमारे २ टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परत पाठवते, तर साधे प्लास्टिक आणि काच सुमारे ४ टक्के. म्हणूनच लाल प्लास्टिकवरचा हायलाइट, म्हणजे चकाकणारा ठिपका, लाल नसतो. तो दिव्याच्या रंगाचा असतो. धातूंचे गणित निराळे आहे. ते निम्म्याहून अधिक प्रकाश वरूनच परतवतात, चांदी तर ९० टक्क्यांहूनही अधिक. सोने आणि तांबे यांच्या बाबतीत हा परतणारा प्रकाशच रंगीत होऊन येतो. सोन्याचा दागिना पिवळ्या रंगावर पांढरा ठिपका देऊन रंगवला तर तो पिवळे प्लास्टिक वाटतो, याचे कारण हेच.

याच्या जोडीला आणखी एक नियम येतो, जो ऑग्युस्तँ-झाँ फ्रेनेल यांच्या नावाने ओळखला जातो. पृष्ठभागाकडे जितके तिरके पाहावे तितके त्याचे परावर्तन वाढते, आणि अगदी कडेला गुळगुळीत वस्तू जवळपास आरशासारखी वागते. पेल्यातल्या पाण्याकडे वरून पाहिले तर तळ दिसतो. डोळा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणला तर समोरची भिंत दिसते. पात्राच्या लाकडी ढालीच्या, बुटांच्या किंवा घामेजलेल्या खांद्याच्या कडेवर आकाशाचा फिकट रंग चढतो तो यामुळे. मात्र प्रत्येक कडेला सरसकट उजळ रेघ ओढण्याची सवय यातून लागू देऊ नये. कडेपलीकडे अंधारी भिंत असेल तर परावर्तनही अंधारेच असणार.

चामड्याने मला खडबडीतपणाचा अर्थ शिकवला. पट्टा जिथे रोज वाकतो आणि घासला जातो तिथे तो गुळगुळीत होऊन हायलाइट लहान आणि प्रखर झाला होता. बाकी भागात तोच उजेड मोठ्या, मंद पट्ट्यात पसरला होता. एकाच वस्तूवर हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवले की चामडे वापरलेले वाटते, त्यासाठी भेगा आणि सुरकुत्या ओतण्याची गरज पडत नाही. मखमलीवर याच्या उलट होते. तिचे उभे तंतू कडेला उजेड पकडतात, म्हणून घडीचा मधला भाग गडद आणि कडा उजळ दिसतात. सॅटिनवर हायलाइट विणीच्या दिशेप्रमाणे ताणला जातो आणि ब्रश फिरवलेल्या धातूवर तो ओरखड्यांना काटकोनात पसरतो. काचेसाठी मी फार वेळ दिला नाही; माझ्या पात्रांना तिची गरज क्वचितच लागते.

सप्टेंबरपासून रंग आला, आणि त्याबरोबर गोंधळही. पिवळ्या दिव्याखालचा पांढरा कागद डोळ्यांना पांढराच दिसतो, पण पडद्यावर त्याच्या रंगाची निवड करताना तो नारिंगी घ्यावा लागतो. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका तो पिवळसर, जास्त तितका निळसर. घरगुती तंतूच्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्व्हिन असतो, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० आणि निरभ्र निळ्या आकाशाचा १०,००० च्याही वर. त्यामुळे बाहेरच्या उन्हात उभ्या असलेल्या पात्राच्या उजेडाच्या बाजू उबदार आणि आकाशाकडे वळलेल्या छाया निळसर होतात. यातली एक छटा वेगळी काढून पाहिली तर विश्वास बसत नाही. एडवर्ड अॅडलसन यांनी १९९५ मध्ये मांडलेला बुद्धिबळाच्या पटाचा दृष्टिभ्रम पाहिला असेल त्यांना हे ठाऊक आहे. त्यात उजेडातला ‘काळा’ आणि सावलीतला ‘पांढरा’ चौकोन प्रत्यक्षात एकाच करड्या छटेचे आहेत. म्हणून छायाचित्रावरून अभ्यास करताना मी आधी रंग स्वतः ठरवत असे, चित्रात लावत असे आणि मगच आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलून देणाऱ्या साधनाने) मूळ छायाचित्रातला रंग तपासत असे. आयड्रॉपर आधी वापरला तर हात काम करतो, पण डोळा शिकत नाही.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर त्वचेला दिले, आणि मला वाटते पात्रचित्रकाराने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. त्वचेत शिरलेला प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर पडतो. त्यातही लाल प्रकाश सर्वांत दूरपर्यंत जातो. म्हणून चेहऱ्यावर उजेड जिथे छायेत उतरतो त्या सीमेवर उबदार, तांबूस पट्टा दिसतो आणि कानामागे दिवा असेल तर कान लाल उजळतो. कानाचा अभ्यास मी आरशासमोर केला. दिवा थोडा मागे नेताच कानाची पातळ वरची कड केशरी-लाल झाली, कूर्चा जाड असलेला भाग गडद राहिला आणि पाळीवर मऊ गुलाबी उजेड पसरला. एका कानात इतके काही सापडले की दोन रात्री तिथेच गेल्या आणि त्या रात्री मनापासून आवडल्या.

गडद त्वचेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तिच्यासाठी तयार रंगपट्ट्या फारशा उपयोगी पडत नाहीत. मेलॅनिन आत शिरलेला प्रकाश शोषून घेते, पण पृष्ठभागावरून परतणारा सुमारे ३ टक्के प्रकाश गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत साधारण सारखाच असतो. परिणामी सावळ्या त्वचेवर हायलाइट तुलनेने अधिक उठून दिसतो आणि आजूबाजूच्या प्रकाशाचे रंग तिच्यावर स्पष्ट उमटतात. खिडकीजवळ बसलेल्या सावळ्या चेहऱ्याच्या कपाळावर आकाशाची निळाई, गालाच्या वळणावर तपकिरी-लाल आणि हनुवटीखाली कपड्याचा परावर्तित रंग, असे सगळे एकाच वेळी असते. केवळ तपकिरी रंगात काळा मिसळून छाया काढली की हे सौंदर्य हातचे जाते. मी छायेसाठी काळा वापरणे थांबवले, आणि त्याऐवजी तांबूस किंवा जांभळट गडद रंग घेऊन व्हॅल्यू खाली आणली. खालचे रंग गडद करणारा ‘मल्टिप्लाय’ मोडचा लेयर वापरायचा असेल तर त्यातही करडा न घेता सौम्य रंगीत छटा घ्यावी.

केसांसाठी डिसेंबर पुरला. स्टीव्ह मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केसातून प्रकाश कसा जातो याचे जे प्रारूप मांडले, त्यातली एक गोष्ट चित्रकाराला पुरेशी आहे. केसांवर हायलाइट दोन असतात. एक पृष्ठभागावरून परतणारा, दिव्याच्या रंगाचा. दुसरा केसाच्या आत जाऊन परतलेला, केसाचा रंग घेतलेला आणि पहिल्यापासून किंचित सरकलेला. मागून उजेड असेल तर प्रकाश केसातून आरपार येतो आणि कडा पेटल्यासारख्या होतात. आधी केसांचा एकसंध आकार आणि त्याची छाया, मग रंगीत रुंद पट्टा, शेवटी अरुंद फिकट पट्टा आणि अगदी मोजक्या सुट्या बटा, हा क्रम ठरल्यावर एकेक केस ओढत बसण्याची वेळ आली नाही.

जानेवारीत पूर्ण पात्र सुरू केले. धातूचे खांदेकवच, चामड्याचा पट्टा, मखमली झगा आणि उघडा चेहरा असलेली एक प्रौढ पहारेकरी स्त्री. तिला रंगवण्याआधी मी तिच्याशेजारी तीन छोटे गोळे रंगवून ठेवले, एक मॅट करडा, एक आरशासारखा आणि एक त्वचेचा, आणि तिघांवर एकच प्रकाश टाकला. चित्रात कुठे अडले की त्या गोळ्यांकडे पाहायचे आणि पृष्ठभाग कोणत्या दिशेला वळला आहे ते शोधून तिथली छटा घ्यायची. ज्यांना एकच सूचना घ्यायची आहे त्यांनी ही घ्यावी.

अर्ध्या वाटेवर ते चित्र एका अनुभवी चित्रकाराला अभिप्रायासाठी पाठवले. उत्तर यायला जवळजवळ महिना लागला. त्या काळात चित्राला हात लावायचा नाही असे ठरवले होते आणि ते पाळणे जड गेले. अखेर त्यांचा निरोप आला, अगदी त्रोटक: “चिलखतात भोवतालची खोली दिसते, ते छान. पण ती खोली कोणती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? एका कागदावर वरून तिचा नकाशा काढा आणि मग पुन्हा पाहा.” मी नकाशा काढला. खिडकी कुठे, दिवा कुठे, जमीन कोणत्या रंगाची, पात्र कुठे उभे. नकाशा समोर आल्यावर कवचाच्या खालच्या बाजूला जमिनीचा उबदार तपकिरी रंग आला, झग्याच्या आतल्या घड्या खिडकीपासून दूर असल्याने शांत झाल्या आणि मागच्या भिंतीवरून येणाऱ्या मंद उजेडाने जबड्याची रेषा सुटी झाली. फेब्रुवारी या दुरुस्त्यांत गेला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चित्र संपले.

आता हा खोलीचा नकाशा माझ्या नमुना फाइलमध्ये एक स्वतंत्र लेयर म्हणून कायम असतो. सरावाची वेळ तीच आहे, फक्त एका अभ्यासचित्राला पाऊण तासाची मर्यादा घातली आहे, कारण त्यापुढे प्रश्न बाजूला पडून सजावट सुरू होते. पुढचा विषय भिजलेले पदार्थ हा घेतला आहे. सुती कापड आणि सच्छिद्र दगड भिजल्यावर गडद होतात आणि वरच्या पाण्यामुळे त्यांच्यावर लहान, तीक्ष्ण हायलाइट येतात, तर पोलादाचा मूळ रंग भिजल्याने तसा गडद होत नाही. पावसात उभे असलेले पात्र रंगवायचे तर या दोन प्रतिक्रिया एकाच प्रकाशात, शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील, आणि त्यासाठीचे गोळे रंगवायला सुरुवात झाली आहे.